नववीतल्या मुली, रील्स आणि परत येणारा डबा

प्रश्न (शाळा समुपदेशक, कोथरूड): गॅदरिंग जवळ आलं की बारीक दिसण्यासाठी मुली जेवत नाहीत, डबे भरलेले परत जातात. ‘रील्समधले फोटो खोटे असतात’ हे सांगून फरक पडत नाही. वर्गात नेमकं काय घ्यावं?

एक उत्तर, सिंहगड रोडहून: नुसत्या माहितीने फोटोतल्या शरीराशी तुलना थांबत नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर एडिट केलं असेल तर तसं छापावं लागतं. पण अशा सूचनांनी फारसं साधत नाही, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं. त्यापेक्षा मुलींनाच ‘परफेक्ट फिगर’विरुद्ध बोलायला, लिहायला लावा. स्वतः मांडलेलं मत जास्त टिकतं. फिजी या बेटांच्या देशातल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. 1998 मध्ये वजनासाठी उलटी काढणाऱ्या शाळकरी मुली 0 वरून 11.3 टक्के झाल्या. हे उदाहरण पालकसभेत सांगा, मुलींसमोर नको. उलटीची युक्तीच लक्षात राहते. वर्गात वजनकाटा तर अजिबात नको.

आहारतज्ज्ञ, औंध: घरी तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, मध्ये चार तासांहून जास्त खंड नको. उपाशी राहिलं की संध्याकाळी वडापाववर तुटून पडणं, मग अपराधीपणा, पुन्हा उपास. चतुर्थीचा उपास अचानक वाढला तरी लक्ष ठेवा.

डॉक्टर: चक्कर, पाळी तीन महिने बंद, जागेपणी नाडी 50 खाली: थेट डॉक्टरांकडे. उलट्यांनी पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात. फार दिवस उपाशी मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) धोकादायकरीत्या कोसळतं. बोलायला टेलीमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), 14416.