सेप्टिक टाकी 11 वर्षं उपसलीच नाही, आता गुडगुड करतेय

सिंहगडरोडवाली:
नमस्कार मंडळी, सिंहगड रोडला खडकवासल्याच्या बाजूला आमचं घर आहे, खाली दोन खोल्या वर दोन, माणसं सहा. गल्लीपर्यंत ड्रेनेज लाईन नाही त्यामुळे सगळा कारभार सेप्टिक टाकी आणि पुढे तिचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा यावर. टाकी बांधल्यापासून 11 वर्षांत एकदाही उपसलेली नाही, तक्रार नव्हती म्हणून कोणी लक्षच दिलं नाही. आता या पावसापासून खालच्या संडासात फ्लश केला की पाणी आधी वर चढतं मग सावकाश उतरतं, आणि तेव्हाच बाथरूमच्या जाळीतून गुडगुड गुडगुड. वास तर पाहुणे आले की बरोब्बर येतो. प्लंबर म्हणतो ॲसिड ओता, सासूबाई म्हणतात शेणकाला टाका, नणंदेच्या मिस्टरांनी ऑनलाईन बॅक्टेरिया पावडर मागवून ठेवलीय. त्यात टाकीचं झाकणच सापडत नाहीये, वर पेव्हर ब्लॉक टाकलेत. काय करू?

निवृत्त_सिव्हिल:
ताई, तिघांचंही ऐकू नका. ॲसिडने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. शेण आणि पावडर यांची गरज नाही, आपल्याच पोटातून रोज लाखो करोडो जिवाणू तिथे जातात, फुकट. पण ते जिवाणू सगळंच खात नाहीत, काही गाळ तळाला उरतोच आणि साठत जातो, तो उपसण्याला पर्याय नाही. साधारण 2-3 वर्षांनी उपसायची असते, 11 म्हणजे तुमची टाकी सोशिक म्हणायची.

झाकण शोधायला घराबाहेरच्या संडासाच्या चेंबरपासून पाईप कुठल्या दिशेला जातो ते बघा, वेंट पाईप उभा असेल तर टाकी त्याच्याच पायाशी. मग लोखंडी पहारीने हलकेच पेव्हरवर ठोकत जा, टाकीवर आवाज पोकळ येतो. दोन झाकणं असायला हवीत, मैला आधी पडतो तो कप्पा महत्त्वाचा.

पंचावाला:
+1, आणि गाळ किती आहे ते मोजता येतं. लांब बांबूला जुना पांढरा पंचा गुंडाळायचा, सुतळीने घट्ट बांधायचा, पहिल्या कप्प्यात तळापर्यंत सोडायचा, दोनेक मिनिटं थांबून हळू वर ओढायचा. खालचा काळाकुट्ट भाग म्हणजे गाळ, वरचं फिकट करडं ते पाणी. वरती तरंगणारी साय वेगळी, ती काठीने ढकलून बघा किती जाड आहे. गाळ आणि साय मिळून खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली की मैला खेचणारी गाडी बोलवायची. आमच्याकडे काळा पट्टा कमरेएवढा निघाला होता 😅 बायकोने तो पंचा आणि मला दोघांनाही घरात घेतलं नाही.

निवृत्त_सिव्हिल:
एक गोष्ट राहिली आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. झाकण उघडल्यावर वाकून बघायचं नाही, काडी पेटवायची नाही, पोरांना लांब ठेवायचं. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, हा दुसरा थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून हुश्श म्हणायचं तेव्हाच धोका जास्त. उपसायला आलेला कोणी म्हणाला "साहेब, आत उतरून साफ करतो, स्वस्तात होईल" तर सरळ हात जोडा. एक जण आत पडला की वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, दरवर्षी बातम्या वाचतोच आपण. 2013 च्या कायद्याने असं उतरवण्यावर बंदी आहे आणि अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये 30 लाख केली. काम सक्शनच्या गाडीनेच.

वाईकर_मुक्काम_पुणे:
आमच्या वाईत नगरपालिका 2018 पासून पाळीपाळीने दर 3 वर्षांनी टाक्या उपसते, तक्रारीची वाट बघत नाही. पुण्यात आल्यावर कळलं हे सगळीकडे नसतं. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार ते आधी विचारा, रात्री ओढ्यात ओतणारेही आहेत. जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ तुमच्याच पट्ट्यात आली होती, कित्येक रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, तो दूषित पाण्या-अन्नातून जातो. टाक्यांनीच झालं असं मी म्हणत नाही, पण घरी बोअर असेल तर शोषखड्ड्यापासून अंतर मोजाच. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानक कोडात 18 मीटर आहे, गुंठा-दोन गुंठ्याच्या प्लॉटात ते बसवणार कुठे हा प्रश्न वेगळा.

सिंहगडरोडवाली:
अपडेट देते. झाकण तुळशी वृंदावनाच्या शेजारी निघालं, पहारीचा आवाज अगदी बद्द यायचा तो तिथे एकदम ढम्म. गाडी कालच आली, त्यांचा पाईप जेमतेम पोचला. साय तर भाकरीसारखी घट्ट बसली होती, आधी पाण्याचा फवारा मारून फोडावी लागली. त्यात ओले वाइप्स निघाले ढीगभर, पाकिटावर लिहिलेलं असतं ना फ्लश करता येतात म्हणून! आता गुडगुड बंद. पण एक शंका, टाकी रिकामी झाल्यावर पुढच्या शोषखड्ड्याकडच्या पाईपातून पाणी उलटं टाकीत येत होतं, हे नॉर्मल आहे का?

निवृत्त_सिव्हिल:
नाही. म्हणजे शोषखड्डा तुंबलाय. इतकी वर्षं गाळ तिकडे वाहत गेला असणार, शिवाय तुमच्याकडे खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात भिजून फुगते, पाणी घेतच नाही. वॉशिंग मशीन आणि पावसाच्या पन्हाळीचं पाणी टाकीत सोडलंय का? सोडलं असेल तर आधी ते तोडा. शोषखड्डा पाऊस उघडल्यावर बघू, आत्ता खणलात तर नुसता चिखल होईल. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम लागला तर बरं, नाहीतर जागा बदलावी लागेल. प्लॉटचा साधा नकाशा टाका, बोअर आणि शेजाऱ्याची भिंत दाखवून.

सिंहगडरोडवाली:
पन्हाळ टाकीतच जाते काका 🙈 उद्याच प्लंबरला बोलावते, ॲसिडवाल्याला नाही, दुसऱ्याला.