विहिरीवर लपवलेला कॅमेराच चोरीला गेला, दुसरा कसा टिकवू?

ऊसवाला_ओतूर:
नमस्कार मंडळी. ओतूरजवळ शेत आहे, ऊस आणि थोडे टोमॅटो. वर्षात दोनदा मोटरची केबल कापून नेली, तांब्यासाठी, म्हणून गेल्या महिन्यात ट्रॅप कॅमेरा आणला, बिबट्याचे फोटो काढायला लावतात ना तसला, आणि विहिरीजवळच्या बाभळीला छातीएवढ्या उंचीवर पट्ट्याने बांधून वरून पाला खोचला. १२ दिवसांत कॅमेराच गायब! कार्ड आतच होतं, म्हणजे चोराचा फोटो चोराच्याच घरी. बायको अजून हसतेय. दुसरा घ्यायचाय पण शेतात वायफाय नाही. काय करावं?

रानभूल:
छातीएवढ्या उंचीवर लावलात तिथंच गडबड झाली. रात्री माणूस बॅटरी मारतो ती पायाखाली नाहीतर समोर, वर कोण बघतंय. १०-१२ फुटांवर लावा आणि मागं लाकडाची पाचर ठोकून तोंड खाली झुकवा, फक्त मग समोरचा टापू लहान होतो त्यामुळं आधी दोन-तीन वेळा स्वतः चालून फोटो येतोय का बघा. दुसरं म्हणजे ते लाल ठिपके. बऱ्याच कॅमेऱ्यात ८५० नॅनोमीटरचे एलईडी असतात, अंधारात फोटो निघताना लालसर चमकतात, चोर सरळ तिकडंच येतो. ९४० वाला घ्या, डोळ्याला दिसत नाही, पण रात्रीचा पल्ला कमी, म्हणून विहिरीपासून फार लांब नको. आणि पायवाटेला सरळ तोंड करून लावू नका, सेन्सर हलणारी उष्णता पकडतो, त्याला समोरून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा लवकर कळतो. तोंड शक्यतो उत्तरेला, नाहीतर ऊन आणि हलणाऱ्या फांद्यांचेच हजार फोटो.

पत्रेवाला:
वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची पेटी करून घ्या, बोल्ट आतून म्हणजे पेटी उघडल्याशिवाय पाना लागत नाही, आणि मातकट रंग मारा, चकचकीत नको. पण खरं सांगू का, कुलूप म्हणजे चोराचा थोडा वेळ खायची सोय. आमच्याकडे फांदीला लावलेला होता तर कोयत्याने फांदीच तोडून पेटीसकट नेली 😀 खोडालाच लावा.

सिमकार्ड:
पेटीबिटी ठीक, पण मुळात फोटो तिथं ठेवायचाच कशाला? सिमवाला ४जी कॅमेरा घ्या, फोटो लगेच मोबाईलवर, मग कॅमेरा नेला तरी नेणाऱ्याचं थोबाड तुमच्याकडं. आधी त्याच झाडाखाली उभं राहून रेंज बघा, रिचार्ज संपू देऊ नका. चार्जिंगचं सोलर पॅनल उन्हात चमकतं, ते वेगळ्या फांदीवर, ऊन मिळेल पण वाटेवरून दिसणार नाही असं. आणि एखादा बंद पडलेला कॅमेरा असेल तर तो मुद्दाम खाली छातीएवढ्या उंचीवर बांधा, वरचा चालू कॅमेरा त्याच्यावर रोखलेला. चोर खालचा सोडवत बसतो आणि तेवढ्यात त्याचे निवांत फोटो निघतात.

तालुक्याचा_वकील:
बिल आणि सिरियल नंबरचा फोटो जपून ठेवा. नव्या न्याय संहितेत ५००० च्या आतली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, बिल नसेल तर किंमतीवरूनच घोळ होतो. कॅमेऱ्याला पिन टाका म्हणजे चोराला सेटिंगशी खेळता येत नाही. तोंड स्वतःच्या विहिरीवरच ठेवा, शेजारच्या वस्तीची न्हाणी त्यात आली तर उलट तुम्हीच अडकाल. बांधापलीकडं वनखात्याची जमीन असेल तर तिथल्या झाडाला परवानगीशिवाय लावू नका.

रानभूल:
एक विचारायचं राहिलं, कॅमेरा लावलाय हे किती जणांना माहीत होतं?

ऊसवाला_ओतूर:
गडी होता सोबत. आणि... दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मीच सांगितलं, आता बघू कोण येतो म्हणून 🙈 सिमवाला ९४० चा बघतो. यावेळी शिडी बायकोच धरणार.