वाडीचा अडीच किलोमीटर रस्ता नेमका कुणाचा, आणि पैसे मागायचे कुणाकडं?

कोयनाकाठचा वाडीकर (पाटण)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा. पाटण तालुक्यातली आमची वाडी, साठ-पासष्ट उंबरा. मेन रोडपासून वर वाडीपर्यंत अडीच किलोमीटर रस्ता हाय. खालचा अर्धा एकेकाळी डांबरी होता, आता नुसती खडी वर आलीय, वरचा अर्धा तर मातीचाच. मधे ओढा लागतो, त्याच्यावर मोरी नाय, पावसाळ्यात पोरं एकमेकांचा हात धरून ओढा ओलांडतात नि शाळेला जातात. मागल्या पावसाळ्यात चुलतीला रात्री छातीत दुखायला लागलं, गाडी ओढ्याच्या पल्याड थांबली, आम्ही चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेली. वाचली ती. पण त्या रात्रीपासून डोक्यात एकच बसलंय की हा रस्ता झाला पाहिजे.

ग्रामपंचायत म्हणते एवढा पैसा आमच्याकडं नाय. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले हा रस्ता आमच्याकडं येत नाही, दुसऱ्या ऑफिसात गेलो तर विचारलं रस्त्याचा नंबर काय. रस्त्याला नंबर असतो हेच मला तिथं कळलं. गावात कोण म्हणतं आमदार फंड, कोण म्हणतं पंचवीस-पंधरा, कोण पीएमजीएसवाय म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, कोण म्हणतं नियोजनमधनं घ्या. तर जिल्ह्यात रस्त्यांचा पैसा येतो कुठनं, कुठला रस्ता आधी हे ठरवतं कोण, आणि आमच्यासारख्यानं अर्ज कधी नि कुणाला द्यायचा? कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

कोरेगावकर

दादा, फोटो काढा, ओढ्यातनं जाणाऱ्या पोरांचा व्हिडिओ काढा आणि आमदारांना निवेदन द्या. आमच्याकडची दोन कामं तशीच झालीत.

निवृत्त शाखा अभियंता (सातारा)

वाडीकर, निवेदन द्याच, पण आधी रस्ता कुणाचा ते शोधा नाहीतर निवेदन फाईलला लागून राहील. माझी सगळी नोकरी सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर गेली, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

आपल्याकडं रस्त्यांचे पाच दर्जे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा, आणि शेवटी ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा. राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. वाडीचा रस्ता असेल तर तो ग्रामा असणार, पण असणार म्हणून चालत नाही, २००१ ते २०२१ ची जी रस्ते विकास योजना होती तिच्या यादीत त्याला नंबर आणि लांबी पडलेली आहे का ते बघायचं. पंचायत समितीत जिल्हा परिषद बांधकामचा उपविभाग असतो, तिथं उपअभियंत्यांकडं यादी आणि नकाशा मिळतो. यादीत नसेल तर तो रस्ता नॉन प्लॅन, आणि नॉन प्लॅन रस्त्यावर पैसा टाकायला सगळेच कचरतात कारण पुढं ऑडिटला प्रश्न येतो. तुम्हाला दोन्हीकडनं परत पाठवलं त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

आता पैसा. मोठी थैली जिल्हा वार्षिक योजनेची, लोक जिला डीपीडीसी किंवा नियोजन म्हणतात ती. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आली, महाराष्ट्रात तिचा कायदा १९९८ चा. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. तिच्यातनं रस्त्यांसाठी जिल्हा परिषदेला दोन लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाचे नंबर, ३०५४ आणि ५०५४. ढोबळ सांगायचं तर ३०५४ मधनं ग्रामीण मार्ग आणि ५०५४ मधनं इतर जिल्हा मार्ग. तुमचं काम ३०५४ चं.

पंचवीस-पंधरा म्हणजे २५१५ हे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामं त्यातनं होतात, तो पैसा जिल्ह्याच्या नियोजनातला नाही, मंत्रालयातनं येतो. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधीही ५ कोटी, पण आमदाराच्या त्या ५ कोटीत मतदारसंघातली सगळी गावं, वाड्या, शाळेच्या खोल्या, समाजमंदिरं हे सगळं आलं, म्हणून त्यातनं अडीच किलोमीटरचा अख्खा रस्ता मागू नका, ओढ्यावरची मोरी मागा. मोरी डोंगरी विकास कार्यक्रमातही बसू शकते, पाटण डोंगरी तालुका आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायचा पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेल्या ४० टक्क्यांत सगळं गाव, म्हणजे ग्रामपंचायत म्हणते ते खोटं नाही.

पीएमजीएसवायची आशा मात्र ठेवू नका, वाईट वाटतं सांगायला. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेली योजना, रस्ते फार चांगले झाले तिच्यातनं, पण सपाटीच्या भागाला ५०० लोकवस्तीची अट आहे. २५० ची सवलत डोंगरी राज्यांना, आदिवासी आणि वाळवंटी भागाला आहे, आपला सह्याद्री कितीही उभा असला तरी तो त्यात धरलेला नाही. साठ-पासष्ट उंबऱ्यात ५०० माणूस बसायचं नाही. अशा राहिलेल्या वाड्यांसाठी राज्यानं २०१५ ला मुख्यमंत्री ग्रामसडक योजना काढली, ती बघा.

वाडीकर

काका एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. मी उद्याच पंचायत समितीत जातो. पण अर्ज कधी द्यायचा? आम्ही आत्तापर्यंत दर एप्रिलला देत आलोय, नवीन वर्षाचा पैसा आला असेल म्हणून.

जतचा शेतकरी

भाऊ एप्रिल म्हणजे उशीर झाला. आम्ही पण चार वर्षं तेच केलं. जिल्ह्याचा आराखडा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तयार व्हायला लागतो, जानेवारीच्या आसपास नियोजन समितीची बैठक होते, मग अर्थमंत्र्यांकडं विभागवार बैठक, सांगली-साताऱ्याची पुणे विभागात, तिथं जिल्ह्याला वाढीव किती द्यायचे ते ठरतं आणि मार्चच्या बजेटला शिक्का. म्हणून गावाचा ठराव दिवाळीच्या आधी उपअभियंत्यांच्या टेबलावर पाहिजे.

अजून एक. आमच्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली, गावात पेढे वाटले, आणि पुढं दोन वर्षं एक पाटी खडी पडली नाही. का, तर मागल्या वर्षीच्या अर्धवट कामांची बिलं राहिलेली असतात, त्याला दायित्व म्हणतात, नवीन वर्षाचा पैसा आधी त्या दायित्वात जातो आणि उरलेल्यात नवीन कामं. म्हणून विचारताना नुसतं मंजूर झालं का असं विचारू नका, ३०५४ मधे दायित्व किती आणि आमच्या कामाला यंदा तरतूद किती असं विचारा. मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या क्लार्कनं खुर्ची दिली बसायला.

आणि मान्यतेनंतर पण तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश एवढ्या पायऱ्या, तोवर जून येतो नि डांबर थांबतं. आमच्याकडं पाऊस नसतो तरी थांबतं, नियम तो नियम.

कराडची लेक

मी मूळची कराडची, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळं कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, आमच्या माहेरच्या रस्त्यावर असेच हाल होते.

इथं काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आमच्या सांता क्लारा काउंटीत २०१६ ला रस्ते-रेल्वे-सायकल ट्रॅकसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवायचा का असं थेट मतदान घेतलं, ३० वर्षांसाठी. पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात, ७१ टक्क्यांच्या वर पडली. म्हणजे लोकांनी स्वतः आमच्यावर कर लावा म्हणून सांगितलं, कारण कुठल्या कामाला किती जाणार ते मतदानाच्या आधीच लिहून दिलं होतं, रेल्वेला इतके, गावोगावच्या रस्त्यांच्या दुरुस्तीला इतके.

दुसरी गोष्ट मला जास्त पटली. प्रत्येक रस्त्याला ० ते १०० गुण देतात, पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स म्हणतात त्याला. आणि पैसा पार खराब झालेल्यावरच आधी टाकतात असं नाही, सत्तरच्या आसपास आलेल्या रस्त्यावर वेळेत पातळ थर मारतात कारण तेव्हा तो स्वस्तात वाचतो, एकदा पाया गेला की कितीतरी पट खर्च. मला आधी हे अन्यायाचं वाटायचं, आता पटतं. इथं सगळं सोन्याचं आहे असं नाही हां, खड्डे इथंही आहेत आणि काम व्हायला वर्षानुवर्षं लागतात. पण कुठला रस्ता का निवडला हे सामान्य माणसाला घरबसल्या बघता येतं, ते आपल्याकडं यावं असं फार वाटतं.

निवृत्त शाखा अभियंता

ताई, पाया गेला की संपलं हे अगदी खरं. मी तर म्हणेन आपल्या भागात रस्ता पाण्यानं मरतो, गाडीनं नंतर. साइडपट्टी भरलेली नाही, गटार बुजलेलं, शेताचं पाणी रस्त्यावर सोडलेलं, मग वरनं कितीही कार्पेट मारा दोन पावसाळ्यांत उखडणार. वर उसाचा सीझन, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ग्रामीण मार्ग त्या वजनाला बांधलेलाच नसतो. पीएमजीएसवायमधे ठेकेदारानं पाच वर्षं देखभाल करायची अट आहे आणि त्याचा बोर्ड रस्त्यावर असतो, म्हणून ते रस्ते टिकतात. आपल्या कामालाही दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे काम झाल्यावर ठरलेल्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदारानंच दुरुस्त करायचा, लोक विचारत नाहीत एवढंच. काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खडीचा थर किती, मोरीचे पाइप किती व्यासाचे, सगळं त्यात असतं. आणि मोजमाप पुस्तिकेत जे लिहिलं तेच जाग्यावर आहे का ते टेप लावून बघा. मी नोकरीत असताना ज्या गावाची पोरं टेप घेऊन यायची तिथली कामं चांगली व्हायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाडीकर

मंडळी, जाऊन आलो, म्हणून परत लिहितोय. पंचायत समितीतल्या साहेबांनी नकाशा काढून दाखवला, घरचं काम असल्यासारखं समजावून सांगितलं. खालचा सव्वा किलोमीटर ग्रामा आहे, नंबर पण आहे. वरचा सव्वा यादीतच नाही. ओढा नेमका दोन्हीच्या हद्दीवर!! म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळा रस्ता एक धरून मागत होतो आणि अर्धा कागदावर नव्हताच.

वरच्या भागात जमीन खाजगी, सात जणांच्या बांधातनं जातो. त्याचं काय करायचं?

निवृत्त शाखा अभियंता

आता तुकडे करा. खालचा सव्वा ३०५४ मधे मजबुतीकरण-डांबरीकरण म्हणून. ओढ्यावरची मोरी आमदार निधीत नाहीतर डोंगरीत, आणि मोरी आधी होऊ द्या, जीव तिथं अडकतोय. वरच्यासाठी ग्रामसभेचा ठराव, सातही जणांची संमतीपत्रं, आणि यादीत घ्यायचा प्रस्ताव उपविभागामार्फत जिल्हा परिषदेला. त्याला वेळ लागेल, तोवर तो पाणंद धरून मातोश्री पाणंद रस्ते योजनेत, रोजगार हमीतनं, खडीकरण होतं का बघा, ती २०२१ ला काढलीय. जुनी वहिवाट असून कुणी अडवत असेल तर तहसीलदारांकडं मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण भावकीत तिथवर जाऊ नका, बसून मिटवा.

जतचा शेतकरी

आणि त्या सव्वा किलोमीटरवर अनुसूचित जातीची वस्ती असेल तर तिथल्या रस्त्याला समाजकल्याणकडनं वेगळा पैसा असतो, ते पण विचारा.

वाडीकर

वस्ती हाय, दहा-बारा घरं, ओढ्याच्या अलीकडंच. हे कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी समाजकल्याणला जातो.

ग्रामसभा लावलीय. सातातल्या पाच जणांनी सह्या देतो म्हणून सांगितलं, सहावे आमचे चुलते, चुलती त्या रात्रीची आहे तीच, त्यांची सही मी घेतली असंच समजा. सातवे मुंबईला माथाडीत असतात, गणपतीला येणार हायत. संमतीपत्र साध्या कागदावर चालतं का स्टॅम्पवर लागतं तेवढं कुणी सांगा, म्हणजे ते यायच्या आधी लिहून तयार ठेवतो.