मदत हवी आहे: स्टालिनग्राड की मॉस्को?

मंडळी जरा मदत करा. भाचीला प्रोजेक्टमधे दुसऱ्या महायुद्धाचा टर्निंग पॉइंट लिहायचाय, मी बिनधास्त स्टालिनग्राड सांगून मोकळा झालो, १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियनांनी बाजूच्या कमकुवत रोमानियन (जर्मनांचे साथीदार) फळ्या फोडल्या आणि जर्मन सेनापती पावलसची सहावी आर्मी शहरात कोंडली वगैरे. तर ती म्हणते, मामा, जर्मन तर डिसेंबर ४१ मधेच मॉस्कोच्या दारातून मागे हटले ना, मग? माझी बोलतीच बंद. (मिडवेच्या अमेरिका-जपान नौदल लढाईचं काढलंच नाही, पॅसिफिकचं प्रकरणच वेगळं.) मला वाटतं मॉस्कोला फक्त झटपट जिंकायचं स्वप्न मोडलं, कारण ४२ च्या उन्हाळ्यात ते पार व्होल्गा नदीपर्यंत, म्हणजे स्टालिनग्राडपर्यंत, आलेच की. पण हे तिला पटेल असं कसं मांडू? उद्या संध्याकाळपर्यंत हवंय.