स्ट्युअर्डशिपला मराठीत काय म्हणाल?

चौकस: धर्म आणि निसर्गाच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. इतिहासकार लिन व्हाइटने १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात पर्यावरणाच्या ऱ्हासाचं खापर ख्रिस्ती विचारावर फोडलं तिथपर्यंत ठीक, देवाने माणसाला निसर्गावर दिलेल्या 'डोमिनियन'ला सत्ता चालून गेलं. पण त्यावर उत्तर म्हणून चर्चवाले स्ट्युअर्डशिप म्हणतात, म्हणजे मालक न होता देवाची सृष्टी सांभाळणं, तिथे गाडी अडली. 'विश्वस्तपणा' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की हे ट्रस्टच्या घटनेतून उचलल्यासारखं वाटतं.

कोशकिडा: कारभारीपण. मालक देव, माणूस नुसता कारभार बघणार आणि हिशोब देणार. चपखल.

शब्दवेडी: कारभारी म्हटलं की मला कुणाचा तरी नवराच दिसतो 😀 शिवाय फारसी.

कोशकिडा: फारसी कसला, कार्यभार!

शब्दवेडी: कारोबार ऐकलं नाही का कधी?

तिरकसराव: फारसी असला तरी कधीच घरचा झालाय, सोडा. चौकसताई, राखण घ्या. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सत्ता आहे, पण २:१५ मध्ये आदामला बागेत ठेवलं ते कशाला, तर हिब्रूत दोन क्रियापदं आहेत, आबाद आणि शामर, म्हणजे कसायला आणि राखायला, त्यात आबादचा अर्थ सेवा करणं असाही होतो. व्हाइटचे टीकाकार याच वाक्यावर बोट ठेवतात.

मुशाफिर: इस्लाममधला खलिफाही मालक नव्हे, नेमलेला प्रतिनिधी. मग मुखत्यार का नको? आणि राखणच हवी तर 'हिमा' बघा, राखलेलं कुरण. इस्लामपूर्व अरबस्तानात बडे सरदार ते आपल्या कळपांसाठी अडवायचे, पैगंबरांनी ती मक्तेदारी मोडून लोकांच्या कामासाठी ठेवलं.

कोशकिडा: शब्द कुठलाही घ्या, जंगलं तुटायची ती तुटलीच. प्लेटोच्या 'क्रिटियस'मध्ये अथेन्सभोवतालच्या ॲटिकाचे डोंगर आहेत, माती वाहून गेलेली, आजाऱ्याच्या सापळ्यासारखी हाडं तेवढी उरलेली. तेव्हा ख्रिस्ताला यायला तीनशेच्या वर वर्षं होती, खापर कुणावर फोडणार?

शब्दवेडी: हे मान्य. पण व्हाइटनेच शेवटी संत फ्रान्सिसला पर्यावरणवाल्यांचा पेट्रन सेंट करा म्हटलं होतं आणि १९७९ मध्ये पोपने केलंसुद्धा. त्याला मराठी काय?

कोशकिडा: अधिष्ठाता संत.

तिरकसराव: अधिष्ठाता आता मेडिकल कॉलेजात बसतो हो, डीन म्हणून.

चौकस: मंडळी, स्ट्युअर्डशिप...

शब्दवेडी: थांबा गं जरा. कोशकिडा, कार्यभारातून कारभार झाला तर मग 'कार्यक्रम'चा 'कारक्रम' का नाही झाला?

कोशकिडा: आमच्या आजीच्या तोंडी कारेक्रमच होता.