गीझर बिघडला, प्लंबर आला, बिल आलं: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. वीज येत होती, पाणी मात्र गारढोण. प्लंबरने गीझरचं खालचं झाकण काढलं, आतलं एक बारीक बटण दाबलं. 'टक्' झालं आणि पाणी तापायला लागलं. वर म्हणाला, "ताई, हे उगाच उडत नाही. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटतोय, पाणी जास्त तापलं की हे बटण परत उडणार. बदलून टाकू." मला वाटलं, बिल फुगवतोय. नुसत्या फेरीचे पैसे दिले, तेही तोंड वाकडं करून. तिसऱ्या दिवशी परत गारढोण. पुन्हा फेरीचे पैसे, वर थर्मोस्टॅट.

तुमचं काय झालं? गॅस, बॉयलर, काहीही चालेल. पैसे कसे ठरवता तेही सांगा.

*

आमचा उलटा प्रकार. पहिल्याने टाकीवर टिचकी मारली, "आतून गेलीय, नवीन घ्या" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. दुसरा आला तो पान्हा बाहेर न काढता आधी सगळ्या बाथरूममधून फिरला. मग गीझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ सोडला. धार थांबायला हवी होती, ती वाहतच राहिली. म्हणजे गार पाणी कुठूनतरी गरमच्या पाइपात घुसत होतं. शेवटी सापडलं: दुसऱ्या बाथरूममध्ये आमच्याकडचं एक माणूस (नाव घेत नाही, हे वाचणार आहे) मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त हँड शॉवरचं बटण बंद करायचं. नळ बंद केले, काम संपलं. त्याने संकोचत फेरीचेच मागितले. मी वर दिले. नव्या टाकीचा खर्च वाचवला होता त्याने.

*

कॉकची युक्ती लिहून ठेवली! एक हिशेब माझ्याकडून: 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 2 किलोवॉटच्या कॉइलला साधारण 21 मिनिटं लागतात. प्लंबरला बोलावण्याआधी घड्याळ लावून बघा, फोनवर सांगायला बरं पडतं.

*

आमचं पाणी जड. गीझरमधून दाणे भाजल्यासारखी तडतड यायची, आम्ही दुर्लक्ष केलं. मग एमसीबी उडायला लागला. टाकी उघडली तर कॉइलवर क्षारांचा पांढरा जाड थर, कॉइल फुटलेली. शेजारी टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याची नुसती तार उरली होती. तो दांडा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. जुने भाग समोर ठेवायला सांगितले, मग बिलावर वाद घालायला तोंडच राहिलं नाही.

*

गॅस गीझरवाल्यांसाठी: ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदला. मी दोन सेलसाठी पूर्ण फेरीचे पैसे मोजलेत. आणि तो बंद बाथरूममध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

*

आमच्याकडे बॉयलर आणि रेडिएटर. गार असताना पाण्याच्या दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या मध्ये हवा, आमचा दर आठवड्याला खाली. मी आपली शहाणी, दरवेळी पाणी भरत होते. प्लंबर वैतागला: ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू जातो, लोखंड आतून गंजतं. गळती एका रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी होती, थेंब पडायच्या आत वाळून जायचे. फक्त हिरवट डाग. शोधायला दीड तास, घट्ट करायला दोन मिनिटं. बिल दीड तासाचं, आणि ते मला पटलं.

*

माझे वडील प्लंबर. येण्याचे किती ते फोनवरच विचारा, सामानाची पावती वेगळी मागा, आणि गरम पाणी नळातून प्रत्यक्ष आल्यावर पैसे द्या. यात त्यांना कधीच राग आला नाही. राग एकाच घरी आला. पाणी तापताना, टाकीतला जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडायचे, ते साहजिकच असतं. पण फरशी ओली होते म्हणून मालकांनी तिथे लाकडी खुंटी ठोकली होती. बाबांनी आधी मेन स्विच पाडला, सगळ्यांना बाथरूमबाहेर काढलं, टाकी निवेपर्यंत थांबले आणि मग खुंटी काढली. त्या दिवशी पैसे न घेताच घरी आले. आई अजून त्यावरून बोलते.