आठव्या मजल्यावरची गोधडी

(सोसायटीचा ग्रुप, जानेवारीतला मंगळवार, दुपारी २:४०)

८०३: सर्वांना नमस्कार. विषय ग्रुपवर आणायचा नव्हता, पण तीन वेळा तोंडी सांगून झालं. आजही आपल्या मजल्यावरच्या रेफ्यूज एरियात (आग लागली तर थांबायच्या मोकळ्या जागेत) गोधडी अंथरलेली आहे, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा. माझ्या सासऱ्यांची व्हीलचेअर तिथून वळत नाही. दिवाळीत समोरच्या टॉवरच्या मीटर रूममध्ये धूर झाला, तेव्हा आपल्याकडेही सगळे घाबरून खाली पळाले. बाबांना कोण उचलणार होतं? त्यांच्यासाठी तीच जागा आहे. कृपया कोणी मनाला लावून घेऊ नका 🙏

५०३: रेफ्यूज एरिया कायम रिकामा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६.

६०२ काकू: गोधडी कोणाची ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. ८०५ च्या आजींना दार वाजवून सांगितलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत उचलली असती. ग्रुपवर कशाला?

८०३: काकू, पहिलंच वाक्य परत वाचा. तीन वेळा सांगितलंय. आजी प्रत्येक वेळी हसून "हो गं बाई" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत अंथरतात.

७०४: आजींना बोलायच्या आधी १२व्या मजल्याचं शू रॅक आणि दोन सायकली बघा. जिन्यात आहेत. जिना तर पळायचा रस्ता.

१२०२: सायकली मुलांच्या आहेत, आणि मागच्या मीटिंगमध्ये परवानगी घेतली होती. विषय भरकटवू नका.

७०४: परवानगी कोणी दिली? मी मीटिंगला होतो.

१२०२: चहा येईपर्यंत होतात.

३०१ वहिनी: रेफ्यूज एरियाचा विषय निघालाच आहे तर कबुतरांचं पण बघा ना. तिथे कोणीतरी ज्वारी टाकतं. सगळी घाण आमच्या डक्टमध्ये येते. दोन वर्षं सांगतेय, जाळी बसवा.

५०३: रेफ्यूज एरिया कायम रिकामा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. (कबुतरांनाही लागू.)

७०४: 😄

सेक्रेटरी: कृपया एका वेळी एक विषय. फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो, लायसन्सधारक एजन्सीची माणसं या आठवड्यात तपासणीला येणार आहेत. रेफ्यूज एरियात, जिन्यात, लॉबीत काहीही दिसलं तर शेरा माझ्या नावावर येतो. सायकली, कुंड्या, शू रॅक, गोधडी, सगळं उचला. आजींबद्दल आदर आहेच.

६०२ काकू: आदर आहे तर आदराने बोला. चाळ पाडली तेव्हा त्या आजींनी सगळ्यांच्या आधी सही केली. तेव्हा नाही सुचलं कोणाला, की बाईला अंथरायला जागा कुठे मिळणार.

१२०२: काकू, पुनर्विकास गोधडीसाठी झाला नाही.

६०२ काकू: तुम्ही नंतर विकत घेऊन आलात, म्हणून असं बोलता.

१२०२: हे बरोबर नाही काकू. मेंटेनन्स आम्हीही भरतो.

१४०१ सर: मंडळी, जरा शांत व्हा. आपल्या चाळीत गॅलरी सामायिक होती. दुपारी पुरुष पाळीवर गेले की तिथे गोधड्या, पापड, कुरडया, सगळं पसरलेलं असायचं. वाट अडायची, बायका ओलांडून जायच्या, पण कधी आग लागली नाही हे नशीब. ८०३ चं म्हणणं चुकीचं नाही. आठव्या मजल्यावरून माणूस खाली आणणं ही वेगळी गोष्ट आहे. जागा बदलली, सवय बदलायला वेळ लागतो.

८०३: धन्यवाद सर. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं.

५०३: रेफ्यूज एरिया कायम रिकामा ठेवणे

७०४: ...कायद्याने बंधनकारक आहे. पाठ झालं दादा.

८०५ (नात): नमस्कार, मी ८०५ मधून लिहितेय. ऑफिसात होते, आत्ता ग्रुप बघितला. आधी ८०३ ताई, माफ करा. तुम्ही सांगितलेलं आजीने घरात कोणाला सांगितलंच नाही. उद्यापासून तिथे काही दिसणार नाही, हा माझा शब्द.

आता दुसरं, थोडं मोठं आहे, पण वाचा.

आजी ७८ वर्षांची आहे. पहाटे साडेपाचला उठते. आंघोळ, देवपूजा, चहा झाला की खिडकीपाशी बसून क्रोशा. साखळी, खांब, मुका खांब, असे टाके तोंडाने मोजत असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्हाला वाण म्हणून जे गोल रुमाल मिळाले, ते तिने सप्टेंबरपासून विणले होते. बिल्डिंगमध्ये कोणाकडेही बाळ झालं की तिचं टोपडं आणि दुपटं जातं. टोपडं ती लोकरीचं करत नाही, सुती दोऱ्याचं करते. मुंबईच्या हवेत लोकरीने बाळाच्या डोक्याला घामोळं येतं, असं तिचं म्हणणं.

महिन्यातून एकदा ती माझ्याबरोबर करी रोडहून दुपारची स्लो लोकल धरते. चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद. मशीदला उतरून मंगळदास मार्केट. दोऱ्याचं बंडल हातात घेऊन टोक तोंडाने ओलं करते, पीळ सुटतो का बघते. दुकानदार ओळखतो, बोलत नाही. येताना कधी भायखळ्याला उतरतो, राणीच्या बागेत. (बुधवारी बंद असते, एकदा फेरी फुकट गेली.) पेंग्विन बघायचा हट्ट भाच्याचा असतो. आजीला तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी टेकायला आवडतं. घारापुरीहून आणलेला तो हत्ती बघून ती दर वेळी म्हणते, "एवढा मोठा जीव, समुद्र ओलांडून आला." मग संग्रहालयात जाऊन माणसांचे मातीचे नमुने बघते. कोणाचं पागोटं कसं बांधलंय, कोणाचा पदर कसा घेतलाय, हे ती बोटाने हवेत करून दाखवते.

गोधडी धाकट्या भावासाठी आहे. तो जूनमध्ये नाशिकला शिकायला जाणार, तिथली थंडी इथल्यासारखी नाही. आजोबा कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा शाळेत होते. त्या वर्षी घरात पगार नव्हता, आजीने लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घर चालवलं. मजुरी कधी पैशांत, कधी तांदळात. त्या हातांना कोणी "आता बस" म्हणू शकत नाही. मी म्हणून बघितलं. एक आठवडा गप्प बसली आणि जेवण कमी झालं. मला तिला कामापासून सोडवायचं नाही. त्या कामासाठी जमीन कुठे मिळेल, एवढंच विचारायचं आहे.

६०२ काकू: वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

१२०२: खूप छान लिहिलंय. माझ्या मुलीचं टोपडं अजून कपाटात आहे. सायकली आज रात्री घरात घेतो.

३०१ वहिनी: जाळीचं काय?

८०३: ८०५, माफी नको. आजींवर राग कधीच नव्हता. पण एक विचारते. रेफ्यूज एरियाच का? घराचा हॉल आहे ना?

८०५ (नात): आमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्हीचं कपाट आणि आजीचा दिवाण. मधे जी जमीन उरते तिच्यात दोन माणसं शेजारी झोपू शकत नाहीत. आणि तिथे दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. तिची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, ट्यूबखाली चकाकी येते म्हणते, गडद कापडावर टाका दिसत नाही. रेफ्यूज एरिया एका बाजूने उघडा आहे, उजेड चांगला येतो.

३०२: मोजमाप सांगा ना. किती जागा लागते? मी इंटीरियरची कामं करतो, नुसतं भावनेवर बोलण्यापेक्षा फूट-इंच बघू.

८०५ (नात): सांगते. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरच्या थोडा वर. एकावर एक ठेवले की एका माणसाच्या गोधडीचे चार थर. म्हणजे कापड पावणेसात फूट बाय पावणेचार. पण दोन्ही बाजूंनी बसून सुई मारायला माणूस हवा, म्हणून १० बाय ८ तरी पाहिजे.

३०२: दिवाणावर नाही का होणार?

६०२ काकू: गादीवर शिवली तर चुण्या पडतात. खालचा थर गोळा होतो, वरचा ताणला जातो, धुतली की बोंगा. मी केलंय, मला विचारा.

खजिनदार: ग्राउंड फ्लोअरचा हॉल आहे. भाडं अर्ध्या दिवसाचं ₹७५०. रीतसर बुक करा.

६०२ काकू: आजींकडून भाडं घेणार?

खजिनदार: काकू, नियम सगळ्यांना सारखा. उद्या दुसरं कोणी म्हणेल मला पापड वाळवायचेत.

७०४: वाळवू देत की. पापड मिळतील.

१४०१ सर: खजिनदार, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण भाडं घेत नाही.

खजिनदार: तो सोसायटीचा कार्यक्रम असतो सर.

६०२ काकू: आणि ज्यांनी त्या कार्यक्रमाला ४० रुमाल विणून दिले त्या सोसायटीच्या बाहेरच्या का?

खजिनदार: मी असं म्हणालो नाही. हिशेब ऑडिटला दाखवावा लागतो. तुम्ही या वर्षी खजिनदार व्हा, मी आनंदाने बाजूला होतो.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

१२०२: पंख्याचं आणि लाइटचं बिल आजींच्या कुटुंबाने द्यावं, भाडं नको. मध्यममार्ग.

५०३: रेफ्यूज एरिया कायम रिकामा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. हॉलला हा नियम लागू नाही, तपासून सांगतोय.

३०२: पण रोज दुपारी हॉल दिला तर मुलांचा तबला क्लास कुठे जाणार? सोमवार, बुधवार, शुक्रवार ४ ते ५.

११०१: आमच्या भजनी मंडळाची पण गुरुवारची मागणी सहा महिन्यांपासून पडून आहे. तेव्हा कोणी मध्यममार्ग काढला नाही.

८०३: आजींनाच विचारलं का कोणी, त्यांना किती दिवस जागा हवी आहे ते?

(संध्याकाळी ६:१५)

८०५ (नात): मी घरी आले. आजीला सगळं वाचून दाखवलं. ती बोलली तसं टाइप करते.

"मला रोज जागा नको. कोण म्हणालं रोज? थर अंथरायचे, कडा सारख्या करायच्या, मग लांब लांब टाच घालायची, हातभर अंतराने, आधी उभी मग आडवी. तेवढं झालं की चारही थर एकमेकांना धरून राहतात. मग गुंडाळून मांडीवर घेतली तरी चालते. धावदोरा मी दिवाणावर बसून घालीन, दोन महिने लागतील, माझी मी घालीन. जमीन फक्त टाच घालेपर्यंत. समोरून कापड धरायला एक माणूस असेल तर एकच दुपार. रेफ्यूजमध्ये पाच दिवस झाले तरी पुरी झाली नाही, कारण मी एकटी, आणि एक बाजू ताणली की दुसरी सरकते. त्या मुलीच्या सासऱ्यांना वळायला जागा नाही हे मला दिसलं नाही. मी दुपारी बसते तेव्हा ते झोपलेले असतात. तिला म्हणावं, चुकलं. पण मला तीन वेळा सांगितलं तेव्हा 'गोधडी काढा' एवढंच सांगितलं. सासऱ्यांचं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी उचलली असती."

८०३: हे खरं आहे. मी बाबांचं बोलले नाही. घाईत असते, दारातूनच सांगून जाते. आजी, माझंही चुकलं.

६०२ काकू: समोरून धरायला मी येते. गुडघे दुखतात, पण पाटावर बसेन.

खजिनदार: एका दुपारचं भाडं मी माझ्याकडून भरतो. पावती आजींच्या नावाने फाडतो. ऑडिटला प्रश्न नको.

८०५ (नात): काका, भाडं आम्ही भरू. खरंच. आजीला दुसऱ्याने भरलेलं आवडणार नाही.

खजिनदार: बरं. जसं तुम्ही म्हणाल.

सेक्रेटरी: गुरुवार दुपारी १ ते ५ हॉल ८०५ च्या नावे. भजनी मंडळाचा अर्ज शनिवारच्या कमिटी मीटिंगमध्ये घेतो, नक्की. सायकली आणि कुंड्या उद्या सकाळी ११ पर्यंत. जाळीचं कोटेशन मागवलंय.

३०१ वहिनी: कोटेशन मागच्या जूनमध्येही मागवलं होतं.

११०१: शनिवारी मी स्वतः येतो मीटिंगला.

७०४: हॉलच्या फरशीला कोपऱ्यात ओल आहे, कापडाला लागेल. दाराकडच्या बाजूला अंथरा, तिथे कोरडं असतं आणि उजेडही तिकडूनच. मी वॉचमनला बुधवारी रात्री पुसून घ्यायला सांगतो. विटा आणू नका आजी, माझ्याकडे डंबेल आहेत, दोन दोन किलोचे.

८०५ (नात): आजी म्हणते डंबेल चालतील, पण गंजलेले नकोत, डाग जात नाही. आणि अजून एक. तिसऱ्या थराचा तुकडा विरलेला निघाला, कापड कमी पडतंय. तिच्याकडची सुती नऊवारी संपलीत, सिंथेटिक घातली तर सुई अडते आणि घाम येतो. ५०३ मधल्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंचं निळं लुगडं द्यायचं कबूल केलं होतं. ते धुऊन झालं का, विचारतेय.

५०३: धुतलंय. गच्चीवर वाळत आहे. उद्या वॉचमनकडे ठेवतो.